रेवणप्पाच्या तुरीतल्या सहा ओळी

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पण कुणी फवारायला वावर दिलं नाही. ऋतुजानं सतरा घरं पालथी घातली. माझी नात — बचत गटाचा फवारणीचा ड्रोन हीच उडवती. महिनाअखेर दहा एकर काम मिळालं नाही तर ड्रोन दुसऱ्या गावच्या गटाला, आणि ही पुण्याला कंपनीत. पुण्याला गेलेली पोर दिवाळीला येती, ती पण मोबाईलात बघत बसायला.

शेजारचा रेवणप्पा म्हणे, "पतंग उडवून अळी मरती का कुठं?" त्याची तूर बारा एकर, आमची दोन. मी म्हणलं, आपल्यापासून सुरू कर गं.

१४, शुक्रवार

फवारणीच्या गड्यांना वावरात जेवू घालायचं, ही आपली रीत. चार गड्यांच्या अंदाजानं बारा भाकरी, ठेचा, वांगी घेऊन गेले. बघते तर ऋतुजा एकटीच! "आजी, गडी हाच," म्हणून ड्रोन दाखवला.

चार कोपऱ्यांना लाल झेंड्या रोवून ती बॅटरी आणायला घरी गेली. झेंड्यांच्या आतच फवारतो म्हणे. आमच्या आणि रेवणप्पाच्या मधला बांध नांगरून नांगरून कधीच सपाट झालाय. त्याच्या बापानं आमच्या सहा ओळी दाबल्या — सासूबाई मरेपर्यंत हेच सांगत होत्या. त्यापायी वीस वर्षं मी त्याच्या घरचा चहा पिले नाही.

आजूबाजूला कुणी नव्हतं. त्या बाजूच्या दोन झेंड्या सहा ओळी पलीकडं नेऊन रोवल्या.

चुलीवर चहा उकळेपर्यंत एक एकर झालं! गटातली पारूबाई आली होती मदतीला. दुसरी बॅटरी मांडीवर घेऊन बसली, बाळंतिणीसारखी. सहा भाकरी तिनंच खाल्ल्या.

१५, शनिवार

रेवणप्पा तणतणत आला. "माझ्या तुरीवर कुणी फवारलं?"

"वारं होतं," मी म्हणलं.

"वारं बरोबर सहाच ओळी मोजतं का?"

ऋतुजा दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही म्हणाली. तासाभरानं बोलली.

२१, शुक्रवार

रेवणप्पा ओट्यावर येऊन बसला. त्याच्या सगळ्या शेंगा अळीनं पोखरल्यात, त्या सहा ओळी तेवढ्या साफ. "वैनी, बारा एकर करायचंय. पोरीला सांगा."

"पतंगवाली जेवती अजून. बसा."

बसला बिचारा. ऋतुजानं पुण्याची बॅग माळ्यावर टाकली. मी लगेच शिडी काढून ठेवली.

२२, शनिवार

ऋतुजानं मोबाईलवर वावराचा सरकारी नकाशा काढला. "आजी, इकडं बघ." बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. सहा ओळी रेवणप्पाच्याच. पहिल्यापासून.

आता सासूबाईला कुठं जाऊन विचारू? ऋतुजाला म्हणलं, कुणाला सांगू नको. ती हसून हसून खाली बसली.

२३, रविवार

रेवणप्पानं स्वतः झेंड्या रोवल्या. आमच्या बाजूच्या दोन्ही झेंड्या सहा ओळी आत, त्याच्याच तुरीत. म्हणलं, चुकल्या की.

"चुकल्या न्हाईत. त्या ओळी तुमच्या पोरीनं वाचवल्या, ठेवा तुमच्याकडं. आता ह्या वयात कुठं भांडत बसता?"

 

२४, सोमवार

ड्रोन यायच्या आधीच वावरात गेले. दोन्ही झेंड्या उपटल्या, सहा ओळी मागं, आमच्याकडं आणून रोवल्या. मग रेवणप्पाच्या घरी गेले आणि चहा मागितला.