तुमच्या पकडीवरचं कुंकू

आबा, आज दसरा आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय आणि काउंटरमागच्या स्टुलावर बसून पोरीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी काही लिहावंसं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? तुमच्याशी बोलायची हुक्की आली की मी गिऱ्हाइकाशी बोलते. धुळ्यातलं कुणीही घडीचा चाकू किंवा घडीची पक्कड घ्यायला माझ्याकडे आलं, की तुमचंच भाषण ऐकून जातं. खिशात ठेवता ना, मग घाम लागणारच, तेव्हा संध्याकाळी कोरड्या फडक्यानं पुसा. आठवड्यातून एकदा सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडा, एकच, आणि वर आलेलं पुसून काढा, नाहीतर धूळ बसून चिखल होईल. खोबरेल नको, गोडं तेल तर मुळीच नको, ते चिकटतं. "स्टेनलेस आहे ना ताई, त्याला काय होतंय?" असं विचारणारा एक तरी शहाणा रोज भेटतो. त्याला म्हणते, बाबा रे, नावावर जाऊ नकोस, पावसाळाभर ओली ठेव आणि मग ये मला सांगायला. तुमचे जावई कंटाळतात. म्हणतात, "पक्कड विकतेस की सत्यनारायणाची कथा सांगतेस?"

आणि एवढं ज्ञान वाटणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरात तुमची पक्कड गंजून दगड झाली होती. लाज वाटायची हो मला. रोज सकाळी देवघरापुढं हात जोडताना मी गणपतीकडे बघायचे आणि शेजारी ठेवलेल्या पकडीकडे बघायचं टाळायचे.

मामानं ती सुरतेहून आणली तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. एरंडोलच्या आपल्या ओसरीत मामा बसलाय, खिशातून कातडी कव्हर काढतोय आणि तुम्ही लहान पोरासारखे पुढं सरकलायत. बंद असली की हाताच्या मुठीत मावेल एवढी, आणि उघडली की पक्कड, चाकू, दोन पेचकस, कानस, डबा फोडायचं पातं, सगळंच त्यात. विहिरीतली मोटर वर काढायला बोलवायला आलेले शेतकरीही आधी ती पक्कड बघायला मागायचे. तुम्ही ती कुणाच्या हातात द्यायचा नाहीत, स्वतःच उघडून दाखवायचात आणि लगेच मिटून घ्यायचात. माय म्हणायची, "लगीनमा मालेबी एवढं नही दखाडं लोकेसले." म्हणजे लग्नातही तुम्ही तिला इतकं कौतुकानं कुणाला दाखवलं नव्हतं. तुम्ही हसायचात, पण पक्कड काही कुणाच्या हातात द्यायचा नाहीत.

मी मात्र घेतली. पाचवीत होते. तुम्ही जेवून पडला होतात आणि सदरा खुंटीला होता. मैत्रिणींबरोबर कैऱ्या कापल्या, मीठ-तिखट लावून खाल्ल्या आणि पातं तसंच मिटून कव्हरात घालून परत खिशात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उघडलीत तर पात्यावर नारिंगी ठिपके. मला वाटलं, आता मार. तुम्ही मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. वाटीत रॉकेल ओतलंत, जुना ब्रश हातात दिलात आणि मला उन्हात पायरीवर बसवलंत. "घास," म्हणालात. तासभर घासलं. मग कोरडं पुसायला लावलंत, उन्हात ठेवायला लावलंत, मायच्या शिवणयंत्राचं तेल थेंबभर सोडायला लावलंत, दहा वेळा उघडझाप करून वरचं तेल टिपायला लावलंत. तेव्हा कुठं बोललात. "लोखंड बोंबलत नही, पोरी. ते नुसतं तोंड बंद करी लेस." आणि कव्हर माझ्यापुढं धरून म्हणालात की हे दाखवायला चांगलं आहे, पण कातडं ओल धरतं, पक्कड आपली सुती फडक्यातच बरी. माझ्या हाताला दोन दिवस रॉकेलचा वास येत होता. शाळेत मी तो सगळ्यांना हुंगायला देत होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दसऱ्याचं तर विचारूच नका. दर वर्षी तेच भांडण. पाटावर पान्हे, पकडी, हातोडा, मधोमध सुरतेची पक्कड, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. माय सगळ्यांवर पाणी शिंपडणार, ओलं हळदकुंकू लावणार, आरती होणार. आरतीचं ताट खाली टेकलं रे टेकलं की तुम्ही फडकं घेऊन पुसायला बसणार. माय उसळायची. "काय करी ऱ्हायनात तुम्ही? सननादिन कुंकू पुसतस का कोनी?" तुम्ही शांतपणे एकेक पान्हा पुसत म्हणायचात, "पूजा झायी ना? मंग आते पुसू दे. ओलं ऱ्हायनं ते गंज चढी." ती तोंड फिरवून स्वयंपाकघरात जायची आणि पुरणपोळ्या जरा जोरात लाटायची. मला तेव्हा तुमचीच बाजू बरोबर वाटायची. मायला त्या पुसण्याची भीती वाटते, हे मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बाया आल्या. मी धुळ्याहून पोचले होते. मोठी लेक, दोन लेकरांची आई, तोंडानं एवढी फटकळ, पण दाराची चौकट धरून नुसती उभी राहिले. त्यांनी मायच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. कुणी तिला विचारलं नाही आणि मीही कुणाचा हात धरला नाही. तेराव्याला तिनं तुमच्या सदऱ्यातून पक्कड काढली, फडकं बाजूला ठेवलं आणि पक्कड देवघरात मांडली. तेव्हापासून रोज देवांना पाणी, पकडीला पाणी. देवांना कुंकू, पकडीला कुंकू. रात्री कातडी कव्हरात, सकाळी पुन्हा बाहेर. चार वर्षांपूर्वी मी तिला धुळ्याला आणलं तर गाठोड्यात सगळ्यात वर तीच. मी दुकानदारीण, मला एका नजरेत कळलं की हिचं तोंड मिटलंय. कुंकवाचा थर आणि गंजाचा थर, कुठला कुठं संपतो ते कळत नव्हतं. पण तिला कोणत्या तोंडानं सांगणार होते मी, की माय, कुंकू पूस?

मग यंदा पोरीला नोकरी लागली. पिंपळनेरच्या पुढं, डोंगराकडच्या पाड्यांवर सौर पंप बसवायचे, बिघडले तर उघडायचे. तुमचंच काम की हो आबा, फक्त वायर आकाशाला जोडलेली. जायला आठ दिवस होते. जेवताना ती म्हणाली, "आई, मला आजोबांची पक्कड पाहिजे." मी म्हटलं, दुकानातली नवी घे, चांगल्यातली चांगली. म्हणाली, "नवी तर कुणीही घेईल." हट्ट कुठून आलाय ते माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी माय शेजारी गेलीय असं बघून मी पक्कड उचलली, वाटीत डिझेल घेतलं, फडकं हातात घेतलं. चोरासारखी. पहिलं बोट कुंकवावर फिरवलं आणि माय दारात. तिनं आधी वाटीकडे बघितलं, मग फडक्याकडे. म्हणाली, "मनं पुसं. आते हाईबी पुसशी?" माझं कपाळ पुसलं, आता हेही पुसशील का, असं.

आबा, तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं. मी पक्कड जागेवर ठेवली. माय जेवली नाही. मीही चिडले, खरं सांगते, स्वतःवरचा राग तिच्यावर काढला. म्हटलं, "ठेव मग, पूजा कर त्या गंजाची!" पोरगी माझ्याकडे असं बघत होती की मला माझंच तोंड नकोसं झालं.

सकाळी चहा ठेवत होते तर देवघरातून हाक आली. माय देव पुसत बसली होती. रोज बसते तशीच. ताम्हनातून एकेक देव उचलायचा, कोरडा करायचा, कालचं कुंकू पुसून आजचं लावायचं. हातात बाळकृष्ण होता आणि फडकं थांबलं होतं. म्हणाली, "देव रोज पुसस मी. पुसस नि नवं लावस. याले अठरा वरीस पुसंच नही." मग पक्कड उचलून माझ्या पुढ्यात धरली. "काय काय लागस, सांग. पन पुसनार मी."

मग काय, आमचा तिघींचा कारखाना सुरू झाला. मायला रॉकेलच पाहिजे होतं. आता रॉकेल कुठून आणू? डिझेलवर भागवलं, दुकानातला गंज सोडवायचा फवारा आणला. पहिल्या दिवशी वाटीतलं डिझेल विटेसारखं लाल झालं. माय पदर खोचून ब्रशनं घासत होती आणि घासता घासता बोलायला लागली. अठरा वर्षांत न बोललेलं. "त्या दिन माले कोनी विचारंच नही," म्हणाली. मी म्हटलं, "माय, मी होते तिथं. मीसुद्धा बोलले नाही." तिनं मान वर केली नाही. "माले दिसनी व्हती तू. चौकटले धरेल. तुनाच हात सुटी नही ऱ्हायंता." मी रडायला लागले तशी म्हणाली, "बस आते. पानी पडी त्यावर. ब्रश दे." आबा, त्यावर मी रडता रडता हसले. तुम्ही अगदी असंच बोलला असतात.

दुसऱ्या दिवशी काहीच हललं नाही. तिसऱ्या दिवशी उन्हात तापवली, लाकडी दांड्यानं हळूच ठोकली आणि पोरीनं दोन्ही अंगठे लावून जोर केला. ज्वारीच्या दाण्याएवढी फट पडली. तिघी ओरडलो. तुमचे जावई धावत आले, त्यांना वाटलं कुणाला तरी शॉक बसला. संध्याकाळपर्यंत जबडा पूर्ण उघडला. नव्यासारखी झाली असं नाही म्हणणार मी. कानस गेली, पात्यावर गंजानं खाल्लेले खड्डे आहेत, लहान पेचकसाचं टोक उरलेलं नाही. पण पक्कड धरते, चाकू कापतो. मायचा अंगठा लाल झाला होता, कुंकवानं आणि गंजानं. पोरगी म्हणाली, "आजी, आता तुझ्यापण कपाळाला लाव ना." "चाल, येडी," म्हणाली माय. पण जेवायला बसेपर्यंत तिनं तो अंगठा धुतला नाही.

पोरीनं कव्हर इथंच ठेवलं. मायनं आपल्या जुन्या सुती लुगड्याचा चौकोन फाडून दिला, त्यात गुंडाळून घेऊन गेली. पहिल्याच आठवड्यात फोन आला की पाड्यावर एका पंपाच्या जोडाची वायर सोलायला तीच काढली, आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी हातात मागितली. मी विचारलं, "दिलीस?" म्हणाली, "दिली की. का देऊ नको?" तेवढं तुमचं तिच्यात आलेलं नाही. बरंच झालं.

काल ती सणाला आली. आज सकाळी काउंटरवर पाट मांडला, दुकानातली हत्यारं आणि मधोमध तुमची पक्कड. मायनं पाणी शिंपडलं, कुंकू लावलं, आरती झाली. मी प्रसाद वाटत होते तेवढ्यात आवाज आला, "फडकं कोठे शे?" पोरगी मुद्दाम म्हणाली, "अगं आजी, सणाच्या दिवशी कुंकू पुसतात का?" माय पक्कड पुसत म्हणाली, "पूजा झायी ना?" मग सांधा उघडून तेलाचा थेंब सोडला, वरचं टिपलं आणि पक्कड पोरीच्या हातात दिली. "जाय. कामले लाव तिले." मी प्रसादाचं ताट धरून उभीच राहिले, शेजारचा दुकानदार हात पुढं करून थांबलाय तरी.

कातडी कव्हर आता रिकामं आहे. हे पत्र घडी घालून त्यातच ठेवणार आहे. कागदाला ओल लागली तर लागू दे, कागदाला गंज चढत नाही.

एक सांगायचं राहिलं. पकडीच्या सांध्याच्या खिळीजवळ, आतल्या बाजूला, कुंकवाची एक बारीक लाल रेघ आहे. पोरीला वाटतं ती निघाली नाही. मायला ती दिसत नाही. ती मी मुद्दाम ठेवली आहे, आबा, वरून तेल सोडून. तुम्ही असतात तर ओळखलं असतंत, वाटी पुढं सरकवली असतीत आणि म्हणाला असतात, "घास." मी पायरीवर बसले असते, तासभर घासायचं सोंग केलं असतं आणि तरी ती ठेवलीच असती.