बिनआवाजाचा पंखा

निपाणी, गुरुवार, १९८४

आप्पा गेले, त्यांचा आवाज तेवढा एका टेपवर उरला. पण टेप वाजवायच्या अ‍ॅम्प्लिफायरला गार ठेवणारा छोटा पंखा इतका घरघरतो की शब्द कळत नाहीत. म्हणून आज बेळगावला बिनआवाजाचा पंखा घ्यायला गेलो. दुकानदाराने चालू रेडिओशेजारी पंखा लावून माझा हात पुढे धरला. "वारा बघा की अण्णा, लई हाय." मी आवाजाचं विचारलं. "आवाज न्हाय तर फिरतोय हे कळणार कसं?" वर स्वतःच हसला. मूर्ख. पंखा काय हातानं ऐकायचा? शेवटी रेडिओ बंद करायला लावला आणि कानाशी धरून सर्वांत मुका पंखा निवडला.

घरी बसवला, टेप लावली. घरघर तीच. पंख्याची वायर काढली, तरी तीच. म्हणजे ती टेपमध्येच भरली आहे. आप्पा बोलत होते तेव्हा जुना पंखा शेजारीच चालू होता.

जायच्या आधी एकदा पंखा बंद करून टेप ऐकायचं मला सुचलं नाही, आणि मी वाटभर त्या दुकानदाराला मूर्ख म्हणत आलो.