आधी काय करून पाहिलं?

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सहा चाळीस ते सात पंचवीस. पंचेचाळीस मिनिटांत 'आई' ही हाक एकसष्ट वेळा! मोजल्या. बोटांची पेरं पुरेनात तेव्हा पहिल्या हाकेपासून कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने रेघा ओढल्या. वर्गवारी अशी: हरवलेल्या वस्तू एकोणीस, भावंडाविरुद्ध फिर्यादी सव्वीस, शास्त्रीय शंका चार ('मुंगीला घाम येतो का?'), आणि उरलेल्या बारा निव्वळ सवयीच्या. म्हणजे 'आई!' — 'काय रे?' — मध्ये मिक्सर — 'काही नाही.'

या सगळ्या वेळात नवरा घरातच होता. सोफ्यावर, दोन्ही कानांसकट. त्याला एकही हाक नाही. 'तुझी लोकप्रियता बघून हेवा वाटतो,' म्हणाला आणि पेपरचं पान उलटलं.

कंपनीत माझ्याकडे अकराशे लिफ्टच्या तक्रारी येतात. कुणी ओरडत नाही. छापील चिठ्ठी येते, तिच्यात चार रकाने: काय, कुठे, कधीपासून, आधी काय करून पाहिलं. चौथा रकाना मी घातलेला. तो आल्यापासून निम्म्या तक्रारी आपोआप मिटल्या, कारण निम्म्या लोकांनी बटणच दाबलेलं नसतं.

अकराशे लिफ्ट वठणीवर येतात, तर दोन पोरं का येऊ नयेत?

४ नोव्हेंबर, मंगळवार

तक्रारपेटी सुरू. बुटांचं खोकं, वर फट, शेजारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. यापुढे हाका बंद. रक्त किंवा आग असेल तरच तोंडी.

थोरलीने (वय नऊ, घरातलं नाव वकीलबाई, का ते सांगायला नको) नियम दोनदा वाचले. 'निकाल पटला नाही तर वर कुणाकडे जायचं?'

'वर कुणी नाही.'

'मग बाबा?'

'बाबा उद्यापासून महिनाभर साइटवर.'

बारक्याने (साडेसहा, पुढचे दोन दात रजेवर) विचारलं, 'चित्र काढलं तर चालेल?' नाही चालणार. चित्राची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

नवरा म्हणाला, 'चहा हवा असेल तर कुठला रकाना?' त्याला ओट्याकडे बोट दाखवलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिलं पीक चौदा चिठ्ठ्यांचं. वकीलबाईंची उत्कृष्ट — तक्रार: तो माझ्याकडे बघतो. कुठे: सगळीकडे. कधीपासून: जन्मल्यापासून. आधी काय करून पाहिलं: मीपण बघितलं. चारही रकाने भरलेले! आमच्या मेकॅनिकांना ही चिठ्ठी दाखवायला हवी.

बारक्याची मात्र एकच, आणि तीत एकच शब्द. 'कडी'. अक्षरं एवढी मोठी की पहिल्या रकान्यातून निघून चौथ्यात उतरलेली. कुठली कडी? कधीपासून? लाल पेन्सिलीने 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि चिठ्ठी फाइलला लावली.

तरीही माणुसकी म्हणून न्हाणीघराच्या कडीला तेल घातलं. ती कुरकुरतेच. दोन थेंब, तेरा मिनिटांत निवारण. बारक्या दारात उभा राहून बघत होता, मग निघून गेला. आभार मानायची पद्धत आमच्या घरात नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

रोजच्या चिठ्ठ्या: चौदा, नऊ, सहा, पाच, दोन. आलेख काढून फ्रिजवर लावला. इतका सुंदर उतार मी कंपनीत कधी पाहिला नाही.

शिवाय बारक्याची पाण्याची बाटली! गेल्या आठवड्याच्या सुरुवातीला ती दोन दिवस भरलेलीच परत आली होती, आणि मी त्याला दारातच झाडलं होतं. आता सहाशे मिलिलिटर, रोज, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी. आल्या आल्या मी झाकण उघडून बघते.

सासूबाईंचा फोन. 'पोरांचा आवाज नाही येत गं?'

'शिस्त लागलीय, आई.'

'पोरं गप्प बसली की मी तर हातातलं टाकून बघायला धावायचे.'

आईंची पिढी आवाजावर विसंबून राहायची. आकडेवारी नव्हती, बिचाऱ्यांकडे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एका बारा मजली इमारतीतून तीन आठवडे एकही तक्रार नाही. हाताखालचा नवा इंजिनिअर पेढे वाटायच्या बेतात होता. त्याला सांगितलं, 'तक्रारी थांबल्या की दोनच शक्यता. बिघाड गेला, नाहीतर घंटी गेली. आधी घंटी बघून ये.' गेला. लिफ्टमधल्या धोक्याच्या घंटीची तार तुटलेली! दोनदा माणसं अडकली होती, घंटी दाबून दाबून थकली आणि शेवटी दार ठोकून सुटली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. अडकलेल्या माणसाला नव्वद सेकंदांत उत्तर मिळालंच पाहिजे, हा नियम माझा आहे. छापून भिंतीवर लावलाय.

घरी आले. पेटी उघडली. शून्य! वकीलबाईंना म्हटलं, 'बघ, जमतंय की नाही?'

'हो.'

नुसतं 'हो'. वकीलबाईंकडून एका शब्दात उत्तर मिळवणं म्हणजे खटला जिंकणंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जिन्यातल्या कुंडीतल्या रबराच्या झाडाची चार पानं पिवळी. पाणी जास्त झाल्याची लक्षणं. पण मी मापून घालते, रविवारी आणि बुधवारी दोनशे मिलिलिटर. शेजारच्या आजोबांना विचारलं. 'मी माझ्याच झाडांना पाणी घालत नाही, तुमच्या कशाला घालू?' मुद्दा बिनतोड.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बारक्याने नवीन खूळ काढलंय. शाळेतून आला की बुटांसकट थेट न्हाणीघरात धाव. फरशीवर दारापासून तिथपर्यंत चिखलाची मोहीम. आज कॉलर धरून थांबवलं. 'आधी बूट!' नाडी सोडायला चाळीस सेकंद लागली. उभ्या उभ्या नाचत होता. नाटकी आहे, वडिलांवर गेलाय.

वहीत बाईंचा शेरा: 'वर्गात चुळबुळ करतो. मधल्या सुट्टीनंतर लक्ष नसते.' खाली 'नोंद घेतली' असं लिहून सही केली.

पेटी: शून्य. सलग सहावा दिवस.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ताप, एकशे दोन. सर्दी नाही, खोकला नाही. न्हाणीघरातून रडत बाहेर आला. रजा टाकली. वकीलबाईंनीही शाळेला जायला नकार दिला, कारण सांगायलाही नकार दिला.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं. 'शूच्या वेळी जळजळतं का रे?' बारक्याने ताईकडे बघितलं. ताईने स्वतःच्या चपलांकडे.

'पाणी कमी पडतंय याला. आणि फार वेळ दाबून ठेवतोय, त्याने जंतू वाढलेत. शाळेत पाणी पितो का?'

'सहाशे मिलिलिटर,' मी म्हटलं. 'रोज. बाटली रिकामी येते, मी स्वतः बघते.'

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'बाटली रिकामी होते हे कळलं हो. पोटात जातं का?'

२० नोव्हेंबर, गुरुवार

कुंडीत जातं.

वकीलबाईंनी आज कबुलीजबाब दिला. रोज जिना चढून आल्यावर, मी दार उघडायच्या आत, ती त्याची बाटली रबराच्या झाडाला घालायची.

'का?'

'भरलेली दिसली की तू ओरडतेस ना त्याला.'

'आणि तो पीत का नाही?'

मग सगळं बाहेर आलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेच्या संडासात हा अडकला. कडी आतून लागली ती निघेना. दार ठोकलं, हाका मारल्या, बाहेर मधल्या सुट्टीचा गोंधळ. शेवटी झाडूवाल्या मावशींनी ऐकलं. त्या दिवसापासून तो तिथे जात नाही. जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाही. साडेसहा वर्षांच्या मुलाने मूळ कारण शोधून बंदोबस्त केला. माझाच मुलगा.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, 'असेल पाचेक मिनिटं.' बारक्या म्हणतो, दोनदा शंभरपर्यंत मोजून झालं. त्याच्यापुढचे आकडे त्याला येत नाहीत.

नव्वद सेकंद. छापून लावलेत.

'मला का नाही सांगितलंत?' हा प्रश्न मी खरंच विचारला.

वकीलबाई म्हणाल्या, 'चिठ्ठी टाकली होती की त्याने. तू अपूर्ण लिहिलंस. मग तो मलाच द्यायला लागला.' दप्तरातून जुना कंपासपेटीचा डबा काढला. आत त्याच्या अकरा चिठ्ठ्या. सगळी चित्रं. दार, दार, मोठं दार, दारामागे एक ठिपका. प्रत्येकीवर हिच्या वळणदार अक्षरात: 'निवारण झाले.'

हिच्या पेटीत चित्रं चालायची.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ताप उतरला. नवऱ्याचा फोन. 'झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस.'

'मनाला लावून घ्यायचा रकाना नाही आमच्याकडे.'

तो म्हणाला, 'मी घरी असतो तरी मलाही कळलं नसतं गं.' हे त्याने सांत्वन म्हणून सांगितलं असावं. खरं होतं, म्हणून उपयोगी पडलं नाही.

फ्रिजवरचा आलेख काढला. घंटीची तार मी स्वतः कापली, आणि शांततेचा आलेख काढून चुंबकाने लावला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शाळेत गेले. मुख्याध्यापिका फार सौजन्याने वागल्या. 'लेखी द्या ना. नमुना कार्यालयात मिळेल.' कार्यालयातल्या कारकुनाने नमुना वरपासून खालपर्यंत वाचला. 'मॅडम, हे दोन रकाने मोकळे राहिलेत. अपूर्ण अर्ज घेता येत नाही.' मला हसू आलं. त्याला वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलंय.

रकाने भरले. अर्ज दिला. पोच घेतली. मग पर्समधून पेचकस आणि विकत आणलेली नवी कडी काढली आणि बारक्याचं बोट धरून थेट संडासाकडे गेले.

झाडूवाल्या मावशी दारातच होत्या. 'शंभरदा सांगितलं मी या कडीचं, कोण ऐकतंय आमचं! तुम्ही करा हो ताई, मी बघते कोण येतंय ते.' आणि झाडू आडवा धरून पहाऱ्याला उभ्या राहिल्या.

चौकटीवरची पट्टी तीन मिलिमीटर खाली सरकलेली, दांडी वाकलेली. जुनी कडी काढून बाहेरूनही उघडेल अशी फिरती कडी बसवली. वेळ अकरा मिनिटं.

मग चाचणी. बारक्या आत, मी बाहेर. कडी लागली.

'आई!'

'आहे.'

'आई!'

'इथेच आहे.'

'आई, गेलीस?'

'नाही रे बाळा.'

तेवीस हाका. प्रत्येकीला उत्तर दिलं. चोविसावी आली नाही, पाणी सोडल्याचा आवाज आला. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, 'फिनाइल झोंबतं मेलं.' मीही तेच म्हणाले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बाटली रिकामी. कुंडीतली माती कोरडी. दोन्ही तपासलं. बुटांसकट धावायला परवानगी दिली आहे, चिखलासकट.

सकाळी 'आई' किती वेळा झालं, ते मोजलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पेटी मोडीत काढली. फाइलमधल्या चिठ्ठ्या फाडायला घेतल्या. 'कडी' हाताला लागली. फाडताना उलटी झाली.

मागे लिहिलेलं होतं. पुढे जागा पुरली नव्हती त्याला. माझ्या चिठ्ठीला मागची बाजू आहे, हे मला सुचलंच नव्हतं. चौथ्या रकान्याचं उत्तर, पेन्सिलीने, तितक्याच मोठ्या अक्षरात:

'आईला सांगीतल. सोमवारी.'

कॅलेंडर खाली काढून बघितलं. रेघा आहेत अजून. एकसष्ट. सगळ्या सारख्याच दिसतात.