आईच्या हाताची चव

चि. बाळास,

सणाला जेवताना तू म्हणालास, "आईच्या हाताची चव कुठेच नाही." त्या पुरणपोळ्यांचं पीठ तुझ्या बाबांनी मळलं होतं. सांधेदुखीने माझी मूठच वळत नाही. मी खुर्चीवर बसून सांगत होते आणि ते घामाघूम होऊन मळत होते. पोरांना कळू द्यायचं नाही, असं मीच त्यांना बजावलं होतं.

तुम्ही गेल्यावर ते म्हणाले, "माझी पाठ धरली गं. पुढच्या सणाला नाही जमायचं."

बाळा, पुढच्या वेळी नुसता ये. जे असेल ते खाऊ. एवढंच सांगायचं होतं. पण सकाळी तुझा फोन आला आणि मी विचारून बसले, "पुढच्या सणाला काय करू तुझ्यासाठी?"

दमलेली,
तुझी आई