नुसतं ‘हो जी’ चालत नाही

रविवार, संध्याकाळ. जवाहरनगर.

आज ऑनलाइन सरावात विमान नागपूरच्या धावपट्टीवर असं टेकवलं की माझा मलाच विश्वास बसेना. कॉम्प्युटरवरचं का होईना!

आणि एकदाही ‘हो जी’ नाही. गेल्या रविवारी विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरनं इंग्रजीत उंची सांगितली आणि मी ‘हो जी’ म्हणून मोकळी. पायलटनं सूचना जशीच्या तशी परत म्हणायची असते, नाहीतर नापास. पण आमच्या भंडाऱ्यात मोठ्यांनी काही सांगितलं की ‘हो जी’, विषय संपला!

म्हणून आठवडाभर आईलाच कंट्रोलर केलं. ती ओरडायची, “भात उतरव, गॅस बंद कर.” मी म्हणायचे, “भात उतरवते, गॅस बंद करते.”

“काहून चिडवून राहिली मले?” पहिल्या दिवशी भडकलीच. मग तिलाही मजा यायला लागली.

खरी परीक्षा पुढच्या रविवारी. जमेल ना? मघाशी आईला विचारलंच.

“पास होशील तू,” ती वरण घोटता घोटता म्हणाली.

“हो,” मी म्हटलं.

तिनं रवी माझ्यावर रोखली. “नुसतं हो नाही चालत. परत म्हण.”

“मी पास होईन.”