हिरामाय रागावली नव्हती

सोम. ३ मार्च, बोईसर
दिवसभर हेडफोन. फोनवरचा आवाज ऐकायचा, सहापैकी एक भावना निवडायची. राग, दुःख, आनंद, भीती, किळस, आश्चर्य. त्यावरून मशीन शिकतं. शेजारच्या नयनाने विचारलं, "ताई, काळजी कशात टाकायची?" सर म्हणाले, जवळचं निवडा. जवळचं!

गुरु. ६ मार्च
नयना आज आली ती रडतच. तिची आई हिरामाय, सातपाटीला मासे विकते. काल नयनाच्या बाबांच्या छातीत कळा. हिरामायने दवाखान्याला फोन लावला. तिकडे मशीन. "आपण रागात आहात. शांत झाल्यावर फोन करा." दोनदा तेच, मग कट. शेवटी रिक्षात घालून पालघरला नेलं. आयसीयूत आहेत. उशीर झाला म्हणतात.
सरांना विचारलं. ते मशीन आमचंच.

शनि. ८ मार्च
पालघरला जाऊन आले. हिरामाय जिन्यात बसलेली.
"बाय, मी रागावली नव्हती गो. घाबरलेली व्हती. आमचा आवाज असाच हाय. बंदरावर हलू बोलून कोन म्हावरा घेल?"
असले कितीतरी आवाज मीच 'राग'मध्ये टाकलेत. मी कऱ्हाडची. बारा वर्षं इथे काढली, तरी कानाला ते भांडणच वाटायचं.

सोम. १० मार्च
सरांशी वाजलं. म्हणे, "मॅडम, याला शास्त्राचा पाया आहे. भावना जगभर सारख्याच."
मी म्हटलं, "भीती म्हणजे आवाजाची पट्टी नाही, सर. आपलं माणूस जाईल म्हणून ती वाटते. मशीनचं कोण जाणार आहे?"
हसले. वर, "तुम्ही फार भावनिक होताय."
झालेय! व्हायलाच हवं कुणीतरी. ज्याला गमावण्यासारखं काहीच नाही, ते ठरवणार कोण घाबरलंय नि कोण नाही? आणि त्याला शिकवलं आम्ही. अर्धवट कानांनी.

मंगळ. ११ मार्च
सकाळी माझ्याच जुन्या क्लिप्स काढल्या. नयनाला शेजारी बसवलं. एक बाई नुसता घरचा पत्ता सांगत होती. मी लिहिलेलं: राग. अशा कितीतरी. बदलायला लागले. जेवणाच्या सुट्टीनंतर दोघींचंही लॉगिन बंद.
सरांचा निरोप आला, घरी जा, कळवू.

बुध. १२ मार्च
नयनाचे बाबा अजून शुद्धीवर नाहीत.
तक्रार लिहिली. 'आवाज मी चुकीचे नोंदवले' हे वाक्य दोनदा खोडलं, मग ठेवलं. उद्या ती घेऊन तिघी, ते मशीन लावलेल्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे. वेळ मागितली होती, दिली नाही, तरी जाणार. नयना आईला म्हणाली, "आई, तिथं जरा हलू बोल."
मीच नयनावर ओरडले.