नुसतं पाणी

३ मार्च १९३६

आज माझ्या एका आकड्यानं एका माणसाची नोकरी गेली.

गेला आठवडाभर गिरणीत मागावर सूत तुटतंय. ताणलं की खलास! मॅनेजरसाहेबांचा संशय रंगखात्यावर— रंग दिल्यावर सूत आम्लातून काढतात, ते सिद्रामप्पानं नीट धुतलं नाही, आम्ल आत राहिलं, सुकताना सूत जळलं. मला म्हणाले, “केमिस्ट कशाला ठेवलाय? संध्याकाळपर्यंत आकडा द्या.”

दिला. सूत डिस्टिल्ड पाण्यात भिजवलं, त्या पाण्यात इंडिकेटरचे थेंब टाकले— आम्ल असलं तर पिवळं, नसलं तर हिरवं. पिवळं! पीएच, म्हणजे आम्लाचं माप, साडेपाच. यायला हवा होता सात. एकेक पायरी खाली गेलं की आम्ल दसपट— म्हणजे आम्ल तीसपटीच्या वर.

सिद्रामप्पा दारातच उभा होता. बावीस वर्षं इथं रंगारी. माझ्या डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीकडे बघत म्हणाला, “आदी नुसतं पाणी बगितलं का, साहेब?”

“शुद्ध पाण्यात काय बघायचं?”

“आमी बगतो की.”

बघतो खरा. रंग कालवण्याआधी एक कोरी चिंधी नुसत्या पाण्यात बुडवून दाराच्या खिळ्याला टांगतो— पाण्यानं काय केलं आणि रंगानं काय, ते वेगळं कळावं म्हणून. जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, चिडवतात, “आप्पांचं लंगोट वाळतंय!” मीही हसत आलोय.

५ मार्च

सिद्रामप्पाला गिरणीच्या चाळीतली खोली आठ दिवसांत सोडायला सांगितलंय. मी विचारलं नव्हतं. शिपायानं आपणहून सांगितलं.

९ मार्च

नव्या रंगाऱ्याचं सूतही तुटलं! त्याची धुलाई मी स्वतः उभा राहून बघितली होती. तपासलं— साडेपाच. अगदी तेवढंच!

खोलीत कोणी नाही असं बघून नुसत्या पाण्यात थेंब टाकले.

पिवळं.

पुण्याला कॉलेजात शिकलो होतो— कितीही शुद्ध पाणी असो, ते सगळं अखंड नसतं. पंचावन्न कोटी रेणूंत एखादा आपला आपण फुटतो. आम्लाचा कण एकीकडे, अल्कलीचा दुसरीकडे. दोन्ही सारखे, म्हणून सात. इतकं नाजूक ते माप! आणि माझी बाटली आठवडाभर टेबलावर बिनबुचाची. हवेतला कर्बवायू पाण्यात उतरला, त्याचं आम्ल झालं. माझा श्वाससुद्धा उतरला असेल.

पाणी उकळलं, बूच लावून निववलं, पुन्हा थेंब टाकले— हिरवं. सिद्रामप्पाच्या सुताची एक लडी कपाटात होती. ती त्यात भिजवली. हिरवं.

सूत स्वच्छ होतं. आम्ल माझ्या बाटलीतलं. सूत का तुटतंय ते अजून कोणालाच ठाऊक नाही.

१० मार्च

मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“विरुपाक्ष, रिपोर्ट मुंबईला गेला. तो चुकला म्हणालात, तर चुकणारा केमिस्ट आम्हाला नको. घरी विचार करा.”

बायकोला, कमलम्माला, सातवा महिना. तिला काही बोललो नाही. विचार केला.

१२ मार्च

गप्प बसलो. आजही.

१४ मार्च

न राहवून चाळीत गेलो. सिद्रामप्पाची बायको शिवम्मा भांडी पोत्यात भरत होती. तो चार दिवसांपूर्वीच काम शोधायला गेलेला.

“कुठं?”

“सांगून गेलं न्हाईत. मी चालले भावाकडं.”

“माझ्या नावानं बोटं मोडली असतील.”

“तुमच्या? छे! म्हनले, साहेबांनी मोजलंय, म्हंजी खोटं कसं असंल? माजाच हात गेला. चिंद्या समद्या चुलीत घातल्या की त्यांनी.”

बोटं मोडली असती तर बरं झालं असतं! तिला खरं सांगायचा धीर झाला नाही. पोतं बांधायला तेवढा हात लावला.

१६ मार्च

दुसरा रिपोर्ट लेखी दिला, सहीनिशी. त्याची नक्कल माझ्या खिशात. दुपारी मलाही कामावरून काढल्याचा निरोप मिळाला.

२ एप्रिल

पुण्याला निघालो, काम बघायला. कुर्डुवाडीला गाडी थांबली. फलाटावर पाणी पाजणारा— सिद्रामप्पा! त्यानं पेला विसळला, थोडं पाणी घेऊन उजेडात धरलं, बघितलं, फेकलं. मग भरून दिला. मी खिशातला कागद पुढे केला.

“मला कुटं वाचता येतंय, साहेब? तुमीच सांगा की.”

सांगितलं. शिट्टी झाली. गाडी हलली, तसा तो खिडकीबरोबर चालू लागला.

“म्हंजी माजा हात बरा हुता?”

“बरा होता, आप्पा.”

फलाट संपेपर्यंत तो चालत होता. पेला माझ्याच हातात राहिला.